बोनलेस चिकन आणि ब्रुनोची हाडं

रत्नागिरीत माझी कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस आहे. गोचीडताप, जुलाब, लसी आणि पावसाळ्यात सर्पदंश, यात वर्ष निघून जातं. गेल्या हिवाळ्यात आलेली एक केस मात्र डोक्यातून जात नाही, कारण त्या घरात कुणी हयगय केली नव्हती.

ब्रुनो, जर्मन शेफर्ड, चार महिन्यांचा, वजन १३ किलो. काकूंनी त्याला गोधडीत गुंडाळून आणलं. जमिनीवर ठेवला तर पुढचे पंजे पसरले आणि मागचा उजवा पाय त्याने उचलून धरला. मांडीला बोट लावताच किंचाळला. "पडलाबिडला नाही हो डॉक्टर, सोफ्यावरून उतरला तेवढंच," काकू म्हणाल्या. आधी एका डॉक्टरांना दाखवून झालं होतं. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणून मुरगळलं असेल असं सांगून त्यांनी वेदनाशामक दिलं होतं.

या रिपोर्टवर विसंबणं मला पटत नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की थायरॉईडला चिकटलेल्या चार बारीक ग्रंथी जाग्या होतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. हृदय आणि स्नायू चालू राहिले पाहिजेत, म्हणून शरीर हाडांचा बळी देतं. कागदावर आकडा छान दिसतो आणि आत हाड रिकामं होत जातं. हे कॉलेजात सगळेच शिकतात, पण ओपीडीच्या घाईत विसरतात.

एक्स-रे काढला तर माझ्या असिस्टंटला वाटलं एक्स्पोजर चुकलं. त्याने केव्ही, म्हणजे क्ष-किरणांचा जोर, कमी करून पुन्हा काढला. तेच चित्र. हाड आणि भोवतालचं मांस जवळजवळ एकाच करड्या रंगाचं, हाडाची बाहेरची भिंत जेमतेम रेघेएवढी. उजव्या मांडीचं हाड आरपार तुटलं नव्हतं, ओल्या फांदीसारखं दुमडलं होतं. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या पट्ट्या मात्र व्यवस्थित होत्या. मुडदुसात, म्हणजे ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात त्या आजारात, त्या रुंद होतात, म्हणून हा मुडदूस नव्हे. काकूंच्या सासूबाई घरी "मुडदूस झालाय त्याला" म्हणत होत्या आणि रोज सकाळी पिल्लाला अंगणात उन्हात बसवत होत्या. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व जवळपास तयारच होत नाही, ते त्याला पोटातूनच मिळावं लागतं, हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं.

मग विचारलं, खायला काय देता? काकूंनी पर्समधून वही काढली. पाव किलो बोनलेस चिकन सकाळी, पाव किलो संध्याकाळी, वजनकाट्यावर मोजून. उकडलेलं, वर भात, किसलेलं गाजर, चिमूटभर हळद, दोन चमचे दही. कांदा-लसूण नाही, मीठ नाही, मनुका नाहीत. इतकी नेटकी वही माझ्याकडे क्वचितच कुणी आणतं. एका डॉक्टरांनी "हाडं अजिबात देऊ नका" म्हटल्यापासून त्या चिकनमधली बारीकशी कूर्चासुद्धा बोटांनी चाचपून काढून टाकायच्या.

सल्ला बरोबरच आहे. शिजवलेलं हाड टोकदार फुटतं, घशात अडकतं, आतडं फाडतं. पण हाड काढलं की ताटातलं कॅल्शियमही गेलं. १०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम १०-१५ मिलिग्रॅम, आणि फॉस्फरस २०० च्या आसपास. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, दर १००० किलोकॅलरीमागे ३ ग्रॅम तरी. म्हणजे ब्रुनोला रोज ४ ग्रॅमच्या घरात हवं होतं आणि मिळत होतं पाव ग्रॅमपेक्षाही कमी. मोठ्या माणसाला दिवसाला १ ग्रॅम पुरतं, यावरून अंदाज करा.

"मग दूध वाढवते," काकू लगेच म्हणाल्या. गाईच्या लिटरभर दुधात सव्वा ग्रॅम धरलं तरी तीन लिटरच्या वर पाजावं लागेल, आणि त्याआधीच त्याला जुलाब लागतील.

मिरकरवाडा बंदरावरची कुत्री डोळ्यांपुढे आली. मासळीची डोकी, काटे, कल्ले, मिळेल ते खाणारी. जंत, खरूज, मारामाऱ्यांच्या जखमा सगळं असतं त्यांना, पण असलं दुमडलेलं हाड मी त्यांच्यात पाहिलेलं नाही.

पायाला प्लास्टर घातलं नाही. हाड इतकं मऊ असताना प्लास्टरच्या वजनाने ते कडेला वाकतं. पिंजरा, खाली जाड गादी, उड्या बंद, वेदनाशामक आणि बदललेलं जेवण. पिल्लांचं तयार खाद्य सुरू करा, असं मी सुचवलं. काकूंचे डोळे भरले. "माझ्या हातचंच खातो तो." मला ते मोडवेना. बसून त्यांच्याच वहीत नवा हिशेब लिहिला: चिकन थोडं कमी, त्याऐवजी कुकरमध्ये काटे मऊ होईपर्यंत शिजवलेली तारली, थोडी कलेजी, जस्त-आयोडीनसाठी वेगळी पूड, आणि रोज मोजून १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, ज्यात ४ ग्रॅम कॅल्शियम येतं. दुकानातलं सिरप मुद्दाम टाळलं. बऱ्याच सिरपमध्ये कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो आणि इथे तो आधीच बक्कळ होता.

२०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. १९० मध्ये एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यांतल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. आमच्या व्यवसायाने हे मनावर घेतलेलं मला दिसत नाही. काय देऊ नये याची यादी तोंडपाठ असते. काय किती द्यावं ते विचारलं की "घरचं द्या, चांगलं असतं".

महिन्याभराने एक्स-रेमध्ये हाडं पांढरी दिसू लागली. ब्रुनो आता चालतो, पळतोही. मांडीचं हाड किंचित वाकडंच जुळलंय, आणि कमरेच्या हाडांमधली पोकळी जरा अरुंद झाली आहे. पुढे शौचाला त्रास होईल का, हे तो पुरता वाढल्यावरच कळेल.

काकूंनी वहीच्या त्या पानाचा फोटो कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. परवा एक गृहस्थ दीड महिन्याच्या ग्रेट डेनला तेच १० ग्रॅम घालून माझ्याकडे आले. मोठ्या जातीच्या एवढ्याशा पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम शोषणं रोखता येत नाही, हाडं त्यानेही बिघडतात. पूड ताबडतोब बंद केली आणि काकूंना फोन लावला: फोटो राहू द्या, पण त्याखाली ब्रुनोचं वय, वजन आणि "फक्त त्याच्यासाठी" एवढं आजच्या आज लिहा.