सर्क्युलर सॉ: उसळीचं मूळ सापडलं, मॉड्यूल निर्दोष

सापडलं एकदाचं! नवे कार्बन (मोटरचे ब्रश) आणि बेअरिंग घालूनही सॉ कापता कापता वेगात उसळी मारते आणि मग ओव्हरलोड कटऑफ पडून गप्प होते, इथवर मागच्या वेळी आलो होतो. सॉफ्ट स्टार्ट (हळूहळू वेग घेणं) झकास, रिकामी फिरताना आवाज एकसारखा. १८ मिमी प्लाय लावला आणि मशीन तापलं की तमाशा सुरू.

बहुतेकांचा सल्ला होता, मॉड्यूल (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदल. माझा त्याला विरोध होता. एक तर ते एपॉक्सीत गच्च ओतलेलं, आत काय गेलंय ते कळत नाही. दुसरं म्हणजे 'सगळ्या सॉना चालतं' म्हणून जे स्वस्त मॉड्यूल गळ्यात मारतात, त्यातल्या बऱ्याच मॉड्यूलना टॅकोची (मोटरचा वेग मोजणाऱ्या कॉइलची) वायरच नसते. नुसता सॉफ्ट स्टार्ट मिळतो, लोडवर वेग धरून ठेवायचं नाव नाही.

म्हणून टॅको कॉइलवर स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला. (डिफरन्शियल प्रोबनेच! फेज कंट्रोलचं सर्किट मेन्सपासून वेगळं नसतं; साध्या प्रोबची अर्थ क्लिप लावलीत तर धूर निघेल.) ब्लेड ५००० आरपीएम, गिअर ५:१, म्हणजे आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) २५,००० वर. कॉइलसमोर शाफ्टवर फिरणाऱ्या चुंबकाच्या रिंगला ध्रुवांच्या दोन जोड्या, तेव्हा सिग्नल ८३३ हर्ट्झच्या आसपास हवा. थंड असताना तसाच होता, सुबक साइन. तापल्यावर मात्र मोटरचा सूर चढत होता आणि स्कोपवरची फ्रीक्वेन्सी उतरत होती!

दोन्ही एकदम खरं असायचं तर रिंग शाफ्टवर घसरायलाच हवी. शाफ्ट आणि रिंगवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, मशीन तापेपर्यंत कापलं आणि उघडलं. रेघ तुटून दोन तुकडे दोन दिशांना. रिंगच्या प्लॅस्टिक बुशला केसाएवढी चीर आहे. थंड असताना रिंग शाफ्टला धरते, गरम झाली की सोडते. मॉड्यूलला वाटतं वेग पडला, ते ट्रायॅक (मोटरला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणखी लवकर फायर करतं, करंट वाढतो आणि ओव्हरलोड संरक्षण लाइन तोडतं. बिचारं खोट्या खबरीवर चोख काम करत होतं.

शाफ्ट साफ करून, जरा खरवडून, उष्णता सोसणाऱ्या एपॉक्सीचा पातळ थर दिला. या वेगाला जाड थर म्हणजे बॅलन्सची वाट. आता जाड सागवानात रिपिंग (रेषांच्या दिशेने उभं कापणं) करतानाही सूर हलत नाही. नुसतं ऐकत राहावंसं वाटतं. मुद्दाम रेटून पाहिलं तर कटऑफही बरोबर पडला. त्यानंतर थोडा वेळ रिकामी फिरवली, कारण पंखा आर्मेचरवरच असतो; बंद मोटरमध्ये उष्णता आतच कोंडते.

टीडीए १०८५ ही मोटरचा वेग सांभाळणारी चिप वापरून स्वतःचं बोर्ड करायचा बेत होता, तो आता राउटरकडे वळवतो. पण लिहिताना दुसरंच डोक्यात आलं: ही सॉ टेबलाखाली लावायची तर ट्रिगर बांधून ठेवावा लागणार, आणि या मॉड्यूलला रीस्टार्ट प्रोटेक्शन नाही. लाइट जाऊन आली की ब्लेड आपोआप फिरायला लागेल. त्यामुळे टेबलाला आधी नो-व्होल्ट स्विच (वीज गेली की बंद पडून बंदच राहणारा). इलेक्ट्रिक ब्रेकचाही मोह होतोय, पण त्यात कार्बन लवकर झिजतात, शिवाय वाइंडिंगच्या जोडण्या उलटवणारा स्विच लागेल. कोणी अशा युनिव्हर्सल (कार्बनवाल्या) मोटरवर ब्रेक केला असेल तर जोडणीचा फोटो टाका.