कॉकिंगचं उलटं पॅराशूट

आज दिवसभर रॉबर्ट कॉकिंग या इंग्रज चित्रकाराने बनवलेल्या पॅराशूटचा हिशेब डोक्यातून जात नाहीये.

मुळात अडचण खरी होती. 1797 मध्ये पॅरिसला गार्नरँ हा फ्रेंच बलूनवाला रेशमी छत्रीने उतरला, तेव्हा खालची टोपली लंबकासारखी जोरजोरात झुलली. छत्रीच्या माथ्याला भोक नव्हतं. आत कोंडलेली हवा कधी या काठाखालून, कधी त्या काठाखालून निसटत होती.

कॉकिंगचा उपाय म्हणजे उलटा शंकू, टोक खाली आणि तोंड वर. त्याने हेलकावे कमी होतात हे बरोबरच. पण हवेच्या दाबाने असा शंकू मिटू पाहतो, म्हणून तोंड ताणून धरायला कडं लागतं. वरचं कडं सुमारे 10 मीटर व्यासाचं, आणि तेही पत्र्याच्या पोकळ नळीचं! नुसत्या पॅराशूटचं वजनच 100 किलोच्या आसपास.

24 जुलै 1837. लंडनच्या वॉक्सहॉल बागेतून पॅराशूट खाली टांगलेलं बलून उडालं, सुमारे 1500 मीटरवर दोर सुटला. कडं चेपलं, पॅराशूट मोडलं, 61 वर्षांचा कॉकिंग गेला.

फार वाईट वाटतं. तेवढंच वजन टांगून, माणसाविना आधी सोडून बघता आलं असतं. आणि हेलकाव्यांना माथ्यावरचं छोटं भोक पुरतं. गोल पॅराशूटला ते आजही ठेवतात.