काळे कपडे, पितळी बँड आणि सांगलीची आत्या

न्यू जर्सीतल्या मराठी घरात उन्हाळा म्हणजे पाहुणे. त्यांच्या यादीत नायगारा आणि स्वातंत्र्यदेवीच्या खाली 'एखादं ब्रॉडवे', म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांतलं संगीत नाटक, असतंच. मी विचारते, सेट बघायचाय की नाटक? सेट बघायचा तर 'लायन किंग'. नाटक बघायचं तर 'शिकागो'.

बहुतेक जण 'लायन किंग'च म्हणतात. सोबत मुलं असतात, त्यांचंही बरोबर आहे. पण जे माझं ऐकून अँबॅसडर थिएटरला येतात, ते सुरुवातीला चक्रावतात. मोठा देखावा नाही, रंगमंच फिरत नाही, वरून काही खाली येत नाही. मधोमध सोनेरी चौकट, आणि तिच्यात कोर्टातल्या ज्यूरीच्या बाकांसारख्या पायऱ्यांवर बसलेला अख्खा बँड. नटमंडळी दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर बसून असतात, पाळी आली की उठतात. सगळे काळ्या कपड्यांत, तेही बेताचेच. सांगलीहून आलेली माझी आत्या कुजबुजली, "अगं, तालीमच चाललीय की ही!"

आत्याचा नेम अचूक होता. हा प्रयोग खरोखरच तालमीच्या वळणाने जन्मला. न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये 'एन्कोर्स' नावाची मालिका चालते. जुनी, मागे पडलेली संगीत नाटकं घ्यायची, थोड्याच दिवसांच्या तालमी करायच्या, वाद्यवृंद रंगमंचावरच बसवायचा आणि मोजके प्रयोग करून मोकळं व्हायचं. मे 1996मध्ये तिथे 'शिकागो' झालं आणि लोक वेडे झाले. निर्मात्यांनी शहाणपण केलं ते एवढंच, की ब्रॉडवेवर नेताना त्याला दागिने चढवले नाहीत. 14 नोव्हेंबर 1996ला ते रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये उघडलं, मग शूबर्टला गेलं, 2003पासून अँबॅसडरला आहे. करोनाची दीड वर्षं सोडली तर फारसं थांबलेलं नाही. 'फँटम ऑफ द ऑपेरा' त्याच्याहून आधीचं, पण झुंबर-बिंबर सांभाळत ते 2023मध्ये उतरलं. हे काळ्या कपड्यांतलं चालूच आहे.

माझं साधं म्हणणं आहे: यात जुनं होण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. रंग उडायला सेट नाही, हसू यायला त्या त्या वर्षाची फॅशन नाही. उरतं ते जॉन कँडरचं संगीत, फ्रेड एबची गाणी, नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीच्या धाटणीचा नाच, आणि एक अत्यंत कडवट गोष्ट. शिवाय असा प्रयोग चालवायला तुलनेने कमी पैसा लागतो, म्हणजे मंदीच्या महिन्यातही तग धरता येतो. आपल्याकडेही संगीत नाटक जगलं ते पेटी-तबला आणि गाणाऱ्या गळ्यावर. 1882चं 'सौभद्र' अजून उभं राहतं ते रंगवलेल्या पडद्यांच्या जोरावर थोडंच?

मूळ 'शिकागो' 1975चं. फॉसीने बसवलेलं, ग्वेन व्हर्डन आणि चिता रिव्हेरा प्रमुख भूमिकांत. तालमी सुरू असतानाच फॉसीला हृदयविकाराचा झटका आला, तो उठला आणि नाटक आणखी काळंकुट्ट करून घेऊन आला. लोकांना ते बोचलं. त्यात त्याच वर्षी 'अ कोरस लाइन' हे दुसरं गाजलेलं संगीत नाटक आलं. टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्कारांसाठी 'शिकागो'ला 11 नामांकनं, हाती भोपळा. 936 प्रयोग झाले, म्हणजे पडलं असं नाही म्हणता येणार, पण विसरलं गेलं. फॉसी 1987मध्ये गेला. नव्या प्रयोगाचे नाच त्याच्या शैलीत बसवले ॲन राइंकिंगने, आणि रॉक्सी ही खुनाची आरोपी नायिकाही तिनेच केली. गंमत म्हणजे जुना प्रयोग व्हायचा तो फॉर्टीसिक्स्थ स्ट्रीट थिएटरमध्ये, आणि तेच पुढे रिचर्ड रॉजर्स झालं. नाटक वीस वर्षांनी आपल्याच घरी परतलं होतं.

मधल्या काळात बदललं होतं ते प्रेक्षकांचं पाणी. 1995मध्ये ओ. जे. सिम्पसन या माजी फुटबॉलपटूवरचा खुनाचा खटला अख्ख्या अमेरिकेने टीव्हीवर मालिकेसारखा पाहिला होता. खुनाची आरोपी वर्तमानपत्रांची लाडकी होते, वकील तिला मांडीवर बसवून बोलक्या बाहुलीसारखा तिच्या तोंडून बोलतो आणि पत्रकार ते लिहून घेतात, हे आता कोणाला अतिशयोक्त वाटेना. मुळात ते कल्पनेतलं नव्हतंच. मॉरीन डॅलस वॉटकिन्स ही 'शिकागो ट्रिब्यून'ची बातमीदार. 1924मध्ये तिने ब्यूला ॲनन आणि बेल्वा गार्टनर या दोघींचे खटले लिहिले. दोघी सुटल्या. वॉटकिन्सने त्यावर 1926मध्ये नाटक केलं. पुढे संगीतिकेसाठी हक्क मागायला लोक आले, तिने जिवंत असेपर्यंत दिले नाहीत. आपल्याच बातम्यांनी त्या बायकांना हिरो केलं, ही टोचणी तिला असावी, असा माझा तर्क.

आत्या गाण्यातली. इंग्रजी तिला निम्मंच कळत होतं, पण मध्यंतरात ती म्हणाली, "वकील खोटारडा आहे आणि सगळ्यांना ते आवडतंय." संपलं, कथानक समजलं. मेरी सनशाईन ही भाबडी पत्रकार वरच्या पट्टीत गायला लागली तेव्हा आत्या सरसावून बसली. (पुढचं वाक्य ज्यांना नाटक बघायचंय त्यांनी गाळावं.) दुसऱ्या अंकात तिचा टोप निघतो आणि आत पुरुष! बाकी थिएटर हबकलं. आमच्या आत्याने मान डोलावली, "मला पहिल्या तानेलाच कळलं होतं." बालगंधर्वांच्या आठवणी वडिलांकडून ऐकत वाढलेल्या बाईला काय फसवणार?

एक तक्रार आहे. खप वाढवायला इथे दर थोड्या महिन्यांनी कोणीतरी टीव्हीवरचा चेहरा आणतात. भूमिका लवचिक आहेत, म्हणून चालून जातं. पण रॉक्सी नुसती गोड दिसून भागत नाही, तिला फॉसीचा खांदा आणि मनगट हलवता यायला हवं. मी पाहिलेल्या काही रॉक्सींच्या वेळी नजर आपोआप मागच्या रांगेतल्या, नाव नसलेल्या पोरींकडे जायची. याउलट बीबी न्यूअर्थ बघा: 1996ला व्हेल्मा ही दुसरी आरोपी नायिका, दहा वर्षांनी रॉक्सी, आणखी काही वर्षांनी त्याच नाटकात तुरुंगाची मेट्रन मामा मॉर्टन. शारदा करणारी नटी पुढे इंदिराकाकू करते, तसाच हा प्रवास.

तर जाणार असाल तर फलकावर नाव कोणाचं आहे हे बघून जाऊ नका. टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालच्या खिडकीवर सवलतीची तिकिटं पुष्कळदा मिळतात. फार पुढची रांग घेऊ नका, पायांचं काम दिसत नाही. आणि नाटक संपल्या संपल्या ट्रेन पकडायला पळू नका. शेवटच्या नमस्कारानंतरही बँड वाजवत राहतो, आणि तो फुकटात ऐकायला मिळतो.