कानामागचा रंग

रविवार, रात्री साडेदहा. पाऊस कोसळतोय. वीज आत्ता कुठे आली.

संध्याकाळी ऋतुपर्ण घोष यांचा 'उनिशे एप्रिल' लावला होता. १९९४चा बंगाली चित्रपट, सुवर्णकमळ मिळालेला. पणजीत इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या रांगेत कुणीतरी त्याबद्दल भरभरून बोललं होतं, तेव्हापासून डोक्यात होता.

सरोजिनी नामवंत नर्तकी, मुलगी अदिती डॉक्टर. १९ एप्रिल ही अदितीच्या वडिलांची पुण्यतिथी. नेमका त्याच दिवशी आईला मोठा पुरस्कार जाहीर होतो. आईच्या भूमिकेत अपर्णा सेन, मुलगी देबश्री रॉय. देबश्रीचा तो मिटलेला चेहरा पाहताना मी पूर्णपणे अदितीच्या बाजूने होते.

माझी आई नाटकांत कामं करायची. कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रा, आणि रात्री देवळासमोर नाटक. बाकी सगळे गावातले हौशी, नटी तेवढी बाहेरून आणलेली. ती नटी म्हणजे आई. मी आजीच्या कुशीत. शाळेत कुणी विचारलं तर सांगायचे, आई शिवणकाम करते. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या वर्षश्राद्धाला पाहुण्यांदेखत मी तिला म्हटलं, "तू घरात होतीस कधी?" त्यानंतर आमचं बोलणं नाही.

चित्रपटात दोघी अखेर बोलायला बसतात. सरोजिनी आपली बाजू सांगू लागली आणि मी चित्रपट थांबवला. आईला मी तेवढंही बोलू दिलं नव्हतं.

एक पहाट आठवली. पहिल्या बसने आलेली आई मागच्या पडवीत खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग काढतेय. जुन्या लुगड्याचा तुकडा गुलाबी होत चाललाय. कानामागे रंग तसाच. तशीच उठली, चूल पेटवली, माझ्या डब्यासाठी भाकरी थापली. ती झोपायची कधी, मला आजही माहीत नाही. नाटकाच्या पैशांतून माझी फी जायची, हे मात्र माहीत होतं. तरी मी मोजल्या त्या तिच्या नसण्याच्या रात्रीच.

तेवढ्यात वीज गेली. अंधारातच फोन लावला. तिकडूनही कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"जेवलें गो?" आईच म्हणाली.

"ना."

पुढे काय बोलावं सुचेना. म्हटलं, कानामागे तुझ्या रंग राहायचा नेहमी.

बराच वेळ नुसता पाऊस.

"आरसो ल्हान आशिल्लो गो," ती म्हणाली.