कार्लाइल: अर्ध्याच कथीड्रलचं शहर

ग्लासगोहून दक्षिणेकडे निघालं की तासाभराच्या थोडं पुढे, सीमेपलीकडचं इंग्लंडमधलं पहिलं शहर लागतं, कार्लाइल. स्टेशनाबाहेर पडताच दोन दांडगे गोल बुरूज समोर येतात. मूळ बांधणी आठव्या हेन्रीच्या काळातली, आजचं रूप एकोणिसाव्या शतकातलं. लंडनकडे स्कॉटिश नोट (स्कॉटलंडच्या बँकांनी छापलेली) पुढे केली की दुकानदार ती उलटून-पालटून बघतो. इथे सरळ गल्ल्यात टाकतात. सीमेवरच्या लोकांना सवय असते.

बाजार चौकातल्या खांबाशी नोव्हेंबर १७४५मध्ये ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातल्या बंडखोर राजपुत्र चार्ल्सने आपल्या बापाला राजा जाहीर केलं. वर्ष सरायच्या आत इंग्रज फौजेने शहर परत घेतलं. आता तिथे लोक निवांत सँडविच खात बसतात. जवळच 'द लेन्स' हे खरेदी केंद्र आहे. जुन्या बोळांच्या जागी उभं असलं तरी दुकानं कुठल्याही इंग्लिश शहरात दिसतात तीच. काचेच्या छपराची १८८९ची मंडई त्यापेक्षा बरी, पण मंडई म्हटल्यावर आपल्याला जो गलका हवा असतो, तो तिथे शोधू नका.

वेळ ठेवायचा तो कथीड्रलसाठी. आत शिरल्यावर चुकल्यासारखं वाटतं, कारण सभामंडप सुरू होतो न होतो तोच संपतो. १६४०च्या दशकातल्या यादवीत स्कॉटिश सैन्याने शहर घेतलं आणि मंडपाचा बराचसा भाग पाडून त्याचे दगड किल्ल्याच्या डागडुजीला वापरले. उरल्या दोन कमानी. त्याच तोकड्या जागेत १७९७मध्ये स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटचं लग्न लागलं. पूर्वेची खिडकी मात्र शाबूत आहे: पन्नास फुटांहून उंच, वरच्या जाळीत चौदाव्या शतकातली काच. मान दुखेपर्यंत बघत राहिले. वर निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत.

किल्ल्याकडे जाताना भुयारी मार्गात एक मोठा कोरीव दगड लागतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या पट्ट्यात 'रीव्हर' टोळ्यांचा धुमाकूळ होता. दोन्हीकडची गुरं पळवणारी ही मंडळी म्हणजे इथले पेंढारी. १५२५मध्ये ग्लासगोच्या आर्चबिशपने त्यांना हजारावर शब्दांचा शाप दिला. त्यातला काही भाग २००१मध्ये या दगडावर कोरला. त्याच वर्षी गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला आणि २००५मध्ये शहर पुरात बुडालं. लोक म्हणाले, तळतळाट लागला. दगड हलवावा म्हणून नगर परिषदेत रीतसर प्रस्ताव आला आणि फेटाळला गेला.