दहा हात व्यास, तीस हात परीघ

आमच्या वेळी गणिताचा आणि शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास एकच सर घेत. वेळापत्रकाची सोय असणार, पण आम्हाला ती चांगलीच पथ्यावर पडली. परिघाचं सूत्र शिकून झालं त्याच आठवड्यात एकाने शास्त्राच्या तासाला हात वर केला. पहिले राजे, अध्याय 7, वचन 23. शलमोन राजाच्या मंदिरासाठी हिराम नावाच्या कारागिराने ओतलेला गंगाळसागर, म्हणजे धातूचं प्रचंड गोल भांडं, काठापासून काठापर्यंत 10 हात आणि त्याला वेढणारी दोरी 30 हात. म्हणजे पायची (π, परीघ भागिले व्यास) किंमत 3.14 ऐवजी 3. "सर, बायबलचं गणित चुकलं?"

सर चिडले नाहीत. त्यांनी वचन 26 वाचायला लावलं. भांड्याची जाडी चार बोटं. एका हाताची 24 बोटं धरली तर बाहेरचा व्यास 240 बोटं. दोन्हीकडची जाडी वजा केली की आतला 232. परीघ आतून मोजला असं मानलं तर 720 भागिले 232, म्हणजे 3.103. वर्ग खूश! मग सरांनीच त्यावर पाणी ओतलं. हा हिशेब ज्यू पंडितांनी फार पूर्वीच मांडलाय, पण भांड्याला दोरी कुणी आतून वेढतं का? त्यांच्या मते लिहिणाऱ्याने ठोकळ मापं दिली होती. भांडं केवढं होतं ते सांगायचं होतं, भूमिती शिकवायची नव्हती. देवाची अब्रू वाचवायला आपण बेरीज-वजाबाकी वाकवू नये, यावर सर ठाम होते.

उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात पाय लपलाय, हा प्रकारही कुणीतरी वर्गात आणलाच. हिब्रू अक्षरांच्या किमतींचे गुणाकार, शब्दांच्या किमतींचे गुणाकार, मग भागाकार. उत्तराचे सुरुवातीचे आकडे 3.1415 येतात खरे, पण पुढचाच आकडा 9 ऐवजी 5 निघतो आणि दशांशचिन्ह सतरा घरं सरकवावं लागतं. सरांनी एवढंच विचारलं, "ती सतरा घरं कुणाच्या परवानगीने सरकवली?" लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने 1509 मध्ये सुवर्ण गुणोत्तरात (सुमारे 1.618) त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, पाहिलं, तेही सरांनी दोन वाक्यांत उरकलं. मला आजही पाचोलीपेक्षा त्याच्या ग्रंथातली लिओनार्दो दा विंचीने काढलेली चित्रंच बरी वाटतात.

सर रमायचे ते कुसाच्या निकोलसमध्ये, पंधराव्या शतकातल्या जर्मन धर्मपंडितामध्ये. लाकडी कंपासात खडू अडकवून फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचे, त्यात षटकोन, मग बारा बाजू, मग चोवीस. चोवीसपर्यंत खडूच्या जाडीपुढे बहुभुज आणि वर्तुळ वेगळे ओळखू येईनात. आर्किमिडीज असाच 96 बाजूंपर्यंत गेला आणि पायला 3 पूर्णांक 10/71 आणि 3 पूर्णांक 1/7 यांच्यामध्ये पकडलं. निकोलस पुढे कार्डिनल झाला. 1440 मध्ये त्याने लिहिलं की माणसाची बुद्धी आणि सत्य यांचं नातं बहुभुज आणि वर्तुळासारखं आहे. बाजू वाढवत न्या, जवळ जाल, पण वर्तुळ होणार नाही. सर यावर प्रवचन देत नसत. खडूची भुकटी झटकून आम्हाला अठ्ठेचाळीस बाजूंचा हिशेब घरून करून आणायला सांगत. तो हिशेब किती जणांनी खरोखर केला, ते इथे न लिहिलेलंच बरं.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरवर मात्र सर तास संपल्यावरही बोलत राहायचे. धर्मशास्त्र शिकलेला हा माणूस गोलात त्रैक्य पाहायचा: केंद्र पिता, पृष्ठभाग पुत्र आणि मधली जागा पवित्र आत्मा. ग्रहांच्या कक्षांमध्ये देवाने पाच सुसम घनाकृती (सगळ्या बाजू एकसारख्या असलेल्या, घनासारख्या) बसवल्यात, असं त्याने 1596 मध्ये छापलं. मग टायको ब्राहे या खगोलनिरीक्षकाची मंगळाची निरीक्षणं हाती आली आणि मंगळाची कक्षा वर्तुळ धरून केलेल्या हिशेबात 8 कलांचा फरक राहिला. एक अंशाच्या सातव्या भागाहूनही कमी! दुसऱ्याने दुर्लक्ष केलं असतं. केप्लर म्हणाला, टायकोसारखा काटेकोर निरीक्षक ही देवाचीच देणगी, ती कृतज्ञतेने स्वीकारली पाहिजे. लाडकं वर्तुळ सोडून 1609 मध्ये त्याने लंबवर्तुळ छापलं. श्रद्धेमुळे आकडा वाकवला गेला नाही, उलट तो जपला गेला. सरांचा सगळा ओढा याच गोष्टीकडे होता आणि माझ्यावर त्यांची छाप पडली ती इथेच.

एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. देवाला पाय वेगळा करता आला असता का? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त म्हणतो, हो. वर्तुळाच्या त्रिज्या समान नसाव्यात असं ठरवायलाही देव मोकळा होता. केप्लर म्हणतो, भूमिती देवाच्या मनात अनादिकाळापासूनच आहे. सरांनी चेंडूवर दोरा धरून दाखवला. चेंडूच्या मधोमध फिरणारं वर्तुळ घ्या आणि त्याचा व्यास पृष्ठभागावरूनच, टोकावरून पलीकडे मोजा. परीघ व्यासाच्या बरोबर दुप्पट भरतो. म्हणजे वक्र पृष्ठभागावर गुणोत्तर बदलतं. पण एक वजा एक-तृतीयांश, अधिक एक-पंचमांश, वजा एक-सप्तमांश अशी बेरीज करत गेलात आणि चारने गुणलंत, तर चेंडू असो वा सपाट फळा, पाय तोच येतो. ही बेरीजही देवाला वेगळी करता आली असती का, यावर आमच्या बॅचमध्ये अजून भांडण आहे. दोघे देकार्तकडे आहेत, मी केप्लरकडे.