स्कॉटलंडच्या सॅमनला लागतो आपला रानकोंबडा

पर्थजवळ राहायला आलो तेव्हापासून बघतोय, टे नदीतला सॅमन मासा म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण. आणि तो गांडूळ लावून नाही, तर गळावर पिसं बांधून केलेल्या 'फ्लाय'ने पकडायचा, यातच खरी मजा मानतात. शेजारचे आजोबा हिवाळाभर फ्लाय बांधत बसतात आणि आता मीही त्यांच्याकडे शिकायला जातो.

गंमत म्हणजे सॅमन समुद्रातून नदीत शिरला की खाणंच बंद करतो, तरी फ्लायवर झडप घालतो! ट्राउट माशासाठीची फ्लाय कशी, नदीवरच्या किड्यासारखी दिसायला लागते, सॅमनच्या जुन्या फ्लाय मात्र नुसत्या रंगांचा उत्सव. सध्या 'थंडर अँड लाइटनिंग' नावाची फ्लाय बांधायला शिकतोय. गळ वाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंजात, घट्ट पकडायचा, शेपटीला गोल्डन फेजंट या पक्ष्याच्या तुऱ्यातलं पिवळंधमक पीस, मग काळा रेशमी दोरा, त्यावर सोनेरी जर, मग नारिंगी रंगवलेलं कोंबड्याचं पीस गोल गोल गुंडाळायचं म्हणजे त्याचे केस बाहेर उभे राहतात, वर मॅलार्ड बदकाच्या तपकिरी पिसांचे पंख.

पंखांसाठी डाव्या बाजूचं आणि उजव्या बाजूचं अशी जोडीच लागते, कारण दोन्हीकडच्या पिसांचा बाक उलटा असतो. काही फ्लायमध्ये तर वेगवेगळ्या पक्ष्यांच्या पिसांच्या बारीक पट्ट्या एकमेकींना जोडून एक पंख करतात, आणि त्यात गोंद बिंद काही नाही हां! पिसाच्या तंतूंना इतके सूक्ष्म आकडे असतात की बोटाने हलकेच कुरवाळलं की पट्ट्या आपोआप अडकतात, अगदी झिप लावावी तशा. मला हे अजून बघत राहावंसं वाटतं.

आणि शेवटी दोन्ही बाजूंना एकेक 'जंगल कॉक'. आजोबांनी ते पीस हातात दिलं, काळपट, त्यावर मेणाच्या थेंबासारखा चकचकीत पिवळट ठिपका, आणि मी उडालोच, अहो हा तर आपला सह्याद्रीतला राखी रानकोंबडा! नराच्या मानेवरची पिसं ही, फ्लायला माशाच्या डोळ्यासारखा डोळा मिळावा म्हणून लावतात. ब्रिटिश काळात या पिसांसाठी किती रानकोंबडे मेले असतील, विचारच करवत नाही. 1960च्या दशकाच्या शेवटी भारताने निर्यात बंद केली, नंतर 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षणही आलं. आता इथले लोक पाळीव रानकोंबड्यांची पिसं वापरतात, महाग असतात पण मला तरी तीच पटतात.

कारण दुर्मिळ पिसांचं वेड वाईट असतं. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या म्युझियममधून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, चोर संगीत शिकणारा तरुण, स्वतः फ्लाय बांधणारा! त्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने जमवलेले पक्षीही होते. काहींची लेबलंच काढून टाकलेली, म्हणजे संशोधनासाठी ते जवळजवळ वायाच गेले. कोंबडी, बदक, फेजंट यांच्या रंगवलेल्या पिसांवर उत्तम काम होत असताना हे कशाला?

कोयना, राधानगरी, आंबोली भागातल्या मंडळींना एक विनंती. पहाटे रानकोंबडा आरवला तर लांबूनच, त्याला न बिथरवता, मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा ना. आजोबांनी आयुष्यभर त्याची पिसं हाताळली, पण जंगलातला त्याचा आवाज कधी ऐकलेला नाही. 15 जानेवारीला टेवर सॅमन पकडायचा सीझन सुरू होतो, त्याआधी मिळाला तर फारच छान.